उजेडाला थांबवायचं कसं: प्रकल्प नोंदी

२२ डिसेंबर

पहिला दिवस. ठरलंय ते एवढंच: कॅमेऱ्याची गोष्ट नुसती वाचायची नाही, जमेल तेवढी हाताने करून पाहायची. जे घरात करणं जिवावर बेतेल ते सोडायचं. नोंद त्याच रात्री लिहायची आणि फसलं तर फसलं म्हणून लिहायचं.

सकाळी डबा बांधला. पत्र्याचा, पेन उभी ठेवता येतील एवढा. आत फोटोचा कृष्णधवल कागद वळवून बसवला, समोर सुईने भोक पाडलं, गच्चीच्या कठड्याला तारेने आवळलं आणि भोकावरची चिकटपट्टी काढली. आता तीन महिने त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. एक भोक, एक कागद, एकच फोटो. वारा आणि कावळे यांनी साथ दिली म्हणजे झालं.

दुपारी खोलीची खिडकी काळ्या कागदाने बंद केली आणि कागदाला बोटभर रुंद भोक पाडलं. दोन-तीन मिनिटं काही दिसेना. मग डोळे सरावले आणि समोरच्या भिंतीवर झाड उलटं लोंबकळताना दिसलं, रंगांसकट. खाली आकाश, वर रस्ता, आणि छतावरून उलटा जाणारा सायकलवाला. भोक लहान केलं तर चित्र रेखीव होतं पण मंद; मोठं केलं तर उजळ पण भुरकट. हे अकराव्या शतकात इब्न अल-हैथमला माहीत होतं. ग्रहणातल्या सूर्याची कोर अशा भोकातून पडद्यावर कधी कोरीसारखी उमटते आणि कधी नुसता गोल डाग पडतो, याचा त्याने नीट अभ्यास केला होता.

म्हणजे प्रतिमा मिळवणं ही अडचण कधीच नव्हती. ती फुकट येते. भोकावर हात ठेवला की जाते. पुढची आठशे वर्षं माणसं ती पेन्सिलीने गिरवत बसली.

२८ डिसेंबर

आज मीठ-चांदीचा कागद. चित्रकलेचा जाड कागद २ टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवला, मग पिवळ्या मंद बल्बखाली सिल्व्हर नायट्रेटचं १२ टक्क्यांचं द्रावण ब्रशने फासलं. कागदात सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. वाळल्यावर त्यावर पिंपळाचं जाळीदार पान, वर काच, आणि सगळं उन्हात. हातमोजे घातले होते, चष्मा लावला होता, तरी उजव्या अंगठ्यावर एक थेंब पडला. पडला तेव्हा पाण्यासारखा होता. संध्याकाळपर्यंत तिथे शाईसारखा काळा डाग, आणि तो साबणाला दाद देत नाही.

कागद बघता बघता पालटतो. आधी जांभळट, मग विटकरी, मग चॉकलेटी. बारा मिनिटांत पानाखालचा भाग पांढरा आणि बाकी सगळं गडद. असं काही घडलं की माणूस ओरडतो. मी ओरडलो.

चांदीचे क्षार काळे पडतात ते उष्णतेने नव्हे तर उजेडाने, हे योहान हाइनरिश शुल्त्सने १७१७ च्या सुमारास दाखवलं होतं. बाटलीला कागदी अक्षरं गुंडाळून त्याने आतल्या द्रावणावर शब्द उमटवले. बाटली हलवली की शब्द गायब. १८०२ मध्ये थॉमस वेजवुड आणि हम्फ्री डेव्ही यांनी हाच खेळ कागदावर आणि चामड्यावर केला, पानांच्या आणि किड्यांच्या पंखांच्या आकृत्या मिळवल्या, आणि तिथेच अडकले. कारण पांढऱ्या राहिलेल्या जागेतही चांदीचा क्षार असतोच. बघायला उजेडात धरलं की तीही जागा काळी पडू लागते. बिचारे मेणबत्तीच्या प्रकाशात आपली चित्रं चोरून बघत.

चुटपुट लावणारी गोष्ट अशी की कार्ल विल्हेल्म शेलेने १७७७ मध्येच लिहून ठेवलं होतं: न काळवंडलेला सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळतो, काळवंडलेला नाही. उत्तर छापील स्वरूपात पंचवीस वर्षं पडून होतं.

माझ्या पानाच्या चित्राच्या तीन पट्ट्या कापल्या.

अ: काहीही केलं नाही. पाकिटात.
ब: मिठाच्या तीव्र द्रावणात दहा मिनिटं, मग पाण्याने धुतली.
क: हायपोमध्ये (चांदीचे क्षार विरघळवणारं डार्करूममधलं रसायन), मग पाण्याने धुतली. (पाच मिनिटं. हात गारठले होते.)

२९ डिसेंबर

पट्टी अ मेणबत्तीपाशी पाहिली. सुंदर. शिरा न शिरा दिसते. मग खिडकीजवळ घड्याळ लावून धरली. दोन मिनिटांत पान करडं, दहा मिनिटांत राखेसारखं, अर्ध्या तासाने पान कुठे होतं हे मलाच शोधावं लागलं. फोनने फोटो काढायचा मोह मुद्दाम आवरला होता. आता वाटतंय, आवरला नसता तर बरं झालं असतं.

५ जानेवारी

हायपोबद्दल. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८१९ मध्ये नोंदवलं की हा क्षार चांदीचे संयुग विरघळवतो. त्याचा काही उपयोग तेव्हा नव्हता. वीस वर्षांनी, जानेवारी १८३९ मध्ये, पॅरिसहून बातमी आली की दागेर नावाच्या माणसाने कॅमेऱ्यातलं चित्र टिकवलं आहे. कसं, ते बातमीत नव्हतं. हर्शेलने महिन्याच्या अखेरीस स्वतःच प्रयोग केले आणि जुना हायपो बाहेर काढला. काम फत्ते. इंग्लंडमध्ये कागदावर हेच करू पाहणाऱ्या टॅलबटला त्याने सांगून टाकलं, आणि पुढे दागेरनेही तोच घेतला. फोटोग्राफी हा शब्द इंग्रजीत त्यानेच त्या वर्षी रूढ केला. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्हही त्याचेच. (ब्राझीलमध्ये एर्क्यूल फ्लोरांसने १८३४ मध्ये आपल्या वहीत फोटोग्राफी हा शब्द फ्रेंचमध्ये लिहून ठेवला होता. वही वाचणार कोण?)

नावाचा घोळही गमतीचा. रसायनाला तेव्हा हायपोसल्फाइट समजत. ते निघालं थायोसल्फेट. नाव चुकलेलं ठरून शतक उलटलं तरी डार्करूममध्ये त्याला आजही हायपोच म्हणतात.

माझं मत: छायाचित्रणाचा शोधक कोण या भांडणात हर्शेलला कडेला उभं करतात, कारण त्याने कॅमेऱ्याने नाव घेण्यासारखं काही काढलं नाही. पण प्रत्येकाची गाडी ज्या जागी अडली होती ती जागा त्याने मोकळी केली.

९ जानेवारी

या सगळ्यांच्या आधीच्या फ्रेंच नियेप्सची पद्धत वाचली, केली नाही. त्याने चांदीचा नाद सोडून डांबर धरलं. विशिष्ट डांबर उजेडात कडक होतं आणि जिथे उजेड पोचत नाही तिथे लॅव्हेंडरच्या तेलाने धुऊन निघतं. म्हणजे थांबवण्याचा प्रश्न त्याने वेगळ्याच वाटेने सोडवला: ज्यावर उजेड पडलेला नाही ते सरळ धुऊनच टाकायचं. कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर, १८२६ किंवा १८२७ मध्ये, सँ-लू-द-वारेन गावातल्या आपल्या घराच्या खिडकीतून त्याने जे घेतलं ते कॅमेऱ्याचं टिकलेलं सगळ्यात जुनं चित्र. १६.२ गुणिले २०.२ सेंटिमीटर. आज ते ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये आहे.

आठ तास लागले असं पुस्तकांत येतं. ती पद्धत पुन्हा करून पाहिलेले अभ्यासक काही दिवस म्हणतात. चित्रातच पुरावा आहे. अंगणाच्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन आहे. सूर्य एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूला गेला, भोक उघडंच. असं ऊन कुणी डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही.

गच्चीवरचा डबा आठवला. त्याचा हाच पणजोबा.

१७ जानेवारी

आज माणसाचा फोटो. लाकडी खोकं, खोली १०० मिलिमीटर, पत्र्याला ०.४ मिलिमीटरचं भोक. भागाकार केला तर एफ/२५० (हा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी). फोटोच्या कागदाची संवेदनशीलता ६ धरली, कडक ऊन धरलं, तर हिशेब येतो चाळीस सेकंद.

धाकट्या बहिणीला खुर्चीत बसवलं. पहिला कागद वाया गेला, कारण लाल दिवा म्हणून मी सायकलचा मागचा दिवा वापरला आणि त्याच्या फटीतून पांढरा उजेड गळत होता. अख्खा कागद करडा. फट बुजवून पुन्हा सुरुवात. पंधराव्या सेकंदाला ती म्हणाली, "दादा, नाक खाजतंय." म्हटलं, बोलू नकोस. ती हसली. चित्रात खुर्ची सुरीसारखी स्पष्ट आहे, कुर्त्याची नक्षी मोजता येते, आणि चेहऱ्याच्या जागी वाफ.

१८३९ मध्ये लोकांचं हेच व्हायचं. दागेरने १८३८ मध्ये पॅरिसचा बुलव्हार द्यू तांप्ल टिपला. वर्दळीचा रस्ता, पण चित्रात चिटपाखरू नाही, कारण गाड्या आणि माणसं थांबलीच नाहीत. एक जण बूट पॉलिश करून घेत उभा होता, तेवढाच उमटला. कॅमेऱ्याने टिपलेला पहिला माणूस तो कोण होता, ते त्यालाही कधी कळलं नसणार. पुढे स्टुडिओत मानेमागे लोखंडी आकडा लावायचे. आपल्या खापरपणज्यांचे चेहरे फोटोत इतके कडक का, याचं निम्मं उत्तर त्या आकड्यात आहे.

१८४० मध्ये योझेफ पेट्झव्हाल या गणितज्ञाने माणसांच्या फोटोसाठी हिशेबाने भिंग आखलं, सुमारे एफ/३.६ चं. दागेरच्या कॅमेऱ्यातल्या भिंगापेक्षा पंधरा-वीस पट उजेड. मिनिटांचे सेकंद झाले ते आधी काचेने, मग रसायनाने. बहिणीने हे ऐकून विचारलं, "मग तुझ्या खोक्याला भिंग का नाही लावत?" उत्तर नव्हतं.

१९ जानेवारी

लाल दिव्याचा प्रश्न डोक्यात राहिला होता. कागद लाल उजेडाला आंधळा असतो. चांदीचे क्षार मुळात निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच ओळखतात. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंत आकाश कोरं असतं. जमिनीसाठी पुरेसा वेळ दिला की निळं आकाश भरून वाहायचं. ग्युस्ताव्ह ल ग्रेने १८५६-५७ च्या समुद्रचित्रांत वाट काढली: लाटांची निगेटिव्ह एक, ढगांची दुसरी, क्षितिजावर जोड. सफाईने. फोटोवर विश्वास ठेवावा की नाही हा वाद संगणकाने सुरू केला असं म्हणणाऱ्यांना ती चित्रं दाखवावीत.

१८७३ मध्ये हेर्मान फोगेलला आढळलं की इमल्शनमध्ये (चांदीच्या क्षारांच्या लेपात) ठराविक रंग मिसळला तर ते हिरवंही बघू लागतं. पुढे लालही आलं. तेव्हापासून फिल्म धुणाऱ्याला पूर्ण अंधारात चाचपडावं लागतं.

२५ जानेवारी

आजचं काम फक्त बघण्याचं. खोक्यातून काढलेला कागद लाल दिव्याखाली ठेवला. कोरा. त्यावर चित्र आहे आणि नाही. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला, ट्रे हलवत राहिलो. वीस सेकंदांनी आकाश काळं येऊ लागलं, मग भिंत, मग झाड. आठ-दहा कागद झाले तरी कंटाळा येत नाही.

दागेर हे पाऱ्याच्या वाफेने करत असे. कागदावर ते टॅलबटला सप्टेंबर १८४० मध्ये गॅलिक अॅसिडने साधलं. त्याआधी त्याच्या लॅकॉकच्या वाड्याभोवती छोटी लाकडी खोकी तासन् तास मांडलेली असायची. बायको त्यांना उंदराचे सापळे म्हणे. १८३५ च्या ऑगस्टमध्ये जाळीच्या खिडकीची जी निगेटिव्ह निघाली ती अशाच एका सापळ्यातून. सुप्त प्रतिमा, म्हणजे कागदावर असून न दिसणारं चित्र, सापडल्यावर तास उरले नाहीत.

काय घडतं ते असं: उजेडाने सिल्व्हर ब्रोमाइडच्या एका कणात चांदीचे चारेक अणू सुटे केले की पुरे. डेव्हलपर तो अख्खा कण चांदीचा करतो, अब्जावधी अणू. म्हणजे उजेडाने फक्त खूण करायची, मजुरी रसायनाची. माझ्या पिंपळाच्या पानाला बारा मिनिटं लागली, कारण तिथे सगळी मजुरी उन्हालाच करावी लागली होती.

पण आता थांबवण्याचं कामही वाढलं. आधी उजेड थांबवा, मग डेव्हलपर थांबवा (पातळ अॅसेटिक अॅसिडचा ट्रे), मग उरलेली चांदी काढा. तीन ट्रे, तीन ब्रेक. आज दोन कागद मधल्या ट्रेला फाटा देऊन थेट हायपोत टाकले. डाग पडले. नियम उगाच नसतात.

१ फेब्रुवारी

पट्टी ब तपासली. पान आहे, पण पांढऱ्या भागावर फिकी जांभळी झाक चढली आहे. टॅलबटच्या मिठाने टिकवलेल्या जुन्या चित्रांतही हीच झाक येते. मीठ चांदीला काढत नाही, फक्त मंद करतं. पट्टी क ठीक.

३ फेब्रुवारी

ओल्या कोलोडियनला मी हात लावणार नाही. ईथरची वाफ, आणि जुने लोक हायपोऐवजी सायनाइडही वापरत. वाचूनच घाम फुटतो. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने पद्धत जाहीर केली आणि पेटंट घेतलं नाही. काचेवर चिकट द्रव पसरा, चांदीत बुडवा, ओली असतानाच फोटो घ्या, सुकायच्या आत धुवा. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. बाहेरगावी फोटो काढायचा तर तंबू, बाटल्या, काचा, पाणी, सगळं बरोबर. तरीही काचेचा रेखीवपणा आणि काही सेकंदांचा वेळ यांनी दहा वर्षांत आधीच्या दोन्ही पद्धती, दागेरची आणि टॅलबटची, मोडीत काढल्या.

टॅलबटने मात्र हेही आपल्याच पेटंटात येतं असा दावा लावला. डिसेंबर १८५४ मध्ये ज्युरीने तो फेटाळला. आर्चर १८५७ मध्ये गेला, गरिबीतच. या सगळ्या मंडळींत मला तो सर्वांत जवळचा वाटतो.

मग रिचर्ड लीच मॅडॉक्सने १८७१ मध्ये कोलोडियनच्या जागी जिलेटीन सुचवलं, आणि १८७८ मध्ये चार्ल्स बेनेटला कळलं की ते इमल्शन ऊबेत मुरू दिलं की संवेदनशीलता कितीतरी वाढते. सुकी काच, वेळ सेकंदाच्या अंशात. तिपाई ऐच्छिक झाली. जिलेटीन इतकं चांगलं का, हे पन्नास वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. १९२० च्या दशकात सॅम्युएल शेपर्डने शोधलं की त्यातली गंधकाची अगदी थोडी संयुगं कणांना तीक्ष्ण करतात, आणि ती येतात जनावरांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या झाडांतून. कातडी आणि हाडं उकळून काढलेल्या चिकटीत गुराचा चारा उतरलेला. कितीही वेळा वाचलं तरी मला हे खरं वाटायला एक क्षण लागतो.

कोडॅकचा १८८८ चा कॅमेरा, शंभर फोटोंचा गुंडाळा, कॅमेराच कारखान्यात पाठवायचा, हे सगळे जण सगळीकडे सांगतात. मी इथे एकच ओळ लिहितो: त्या दिवसापासून फोटो काढणारा आणि फोटो धुणारा ही दोन वेगळी माणसं झाली.

१५ फेब्रुवारी

शटर उघडलं. बंद पडलेला जुना एसएलआर (आरशामुळे भिंगातूनच बघता येणारा फिल्मचा कॅमेरा), कापडी पडद्याचा. पाठ उघडून आकाशाकडे धरला आणि फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रण केलं. १/३० वर खिडकी पूर्ण उघडलेली दिसते. १/१००० वर ती कधीच पूर्ण उघडत नाही! एक पडदा पळतो, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि दोघांमध्ये अदमासे अडीच मिलिमीटरची फट. तीन फ्रेममध्ये फट तीन जागी. म्हणजे फोटोची एक कड आणि दुसरी कड एकाच क्षणाची नसते. पडदा धावत पलीकडे जायला सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आतबाहेर वेळ लागतो, म्हणून अशा कॅमेऱ्यांवर फ्लॅशसाठी ६० चा आकडा वेगळ्या रंगात असतो.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जाक-आँरी लार्तिगने शर्यतीची मोटार टिपली. चाकं अंड्यासारखी लांबट, पुढे झुकलेली. मागचे प्रेक्षक उलट्या दिशेला कललेले. फट सरकत होती तोवर मोटार पुढे गेली, आणि तो स्वतः कॅमेरा मोटारीबरोबर फिरवत होता. त्यातून वेगाचं असं चित्र झालं की पुढे व्यंगचित्रकार मुद्दाम चाकं तिरपी काढू लागले.

(ऑस्कर बार्नाकचा लायका कॅमेरा, १९२५, २४ गुणिले ३६ मिलिमीटर: सिनेमाच्या दोन फ्रेम आडव्या जोडल्या की हे माप. मी उघडलेला कॅमेराही त्याच मापाचा. पुढे.)

२२ फेब्रुवारी

शटरला वेगाची हद्द आहे. तिच्या पलीकडे जायचं तर पडदा विसरा, उजेडच क्षणभर लावा. रात्री खोली पूर्ण अंधारी, कॅमेरा बी वर (बटण दाबलेलं आहे तोवर शटर उघडं) उघडा, पाण्याच्या भांड्यात थेंब, आणि फ्लॅश सगळ्यात कमी ताकदीवर. कमी ताकद म्हणजे कमी वेळ, हे आधी माहीत नव्हतं. तेविसाव्या प्रयत्नाला थेंबाचा मुकुट आला. काठावरचे मणी सुटे दिसतात.

हे हॅरल्ड एजर्टनने १९३० च्या दशकात प्रसिद्ध केलं, पण कल्पना पुन्हा टॅलबटची. १८५१ मध्ये त्याने छापील वर्तमानपत्राचा कागद चाकावर लावून फिरवला आणि विजेच्या ठिणगीत त्याचा फोटो घेतला. अक्षरं वाचता आली. पेटंटच्या बाबतीत माणूस कितीही चिक्कू असो, डोकं मात्र भलतंच.

धावत्या घोड्याचे पाय टिपणाऱ्या मायब्रिजकडे १८७८ मध्ये अशी ठिणगी नव्हती. पालो आल्टोला घोडीच्या वाटेत दोरे ताणले, बारा कॅमेरे लावले, प्रत्येक दोरा एक शटर सोडी. चारही पाय एकदम जमिनीपासून सुटतात, पण ते पोटाखाली गोळा होतात तेव्हा. चित्रकार शतकानुशतकं ते पुढेमागे ताणून काढत आले होते.

१ मार्च

रंग. लाल, हिरवी, निळी अशा तीन जिलेटीनच्या पारदर्शक पट्ट्या भिंगासमोर धरून तीन कृष्णधवल फोटो, मग संगणकावर तिन्हींना आपापल्या रंगात एकावर एक. रंग आले. गुलमोहराची फांदी वाऱ्याने हलली होती, तिला मात्र तीन रंगांच्या कडा. रशियात प्रोकुदिन-गोर्स्कीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असंच केलं. त्याच्या नद्यांच्या पाण्यावर हीच इंद्रधनुषी खळबळ आहे. तीन क्षण एकत्र शिवले की शिवण दिसतेच.

पहिला असा प्रयोग जेम्स क्लार्क मॅक्सवेलचा, १८६१, चौकड्यांच्या फितीवर. तो यशस्वी व्हायलाच नको होता, कारण ते इमल्शन लाल बघतच नव्हतं. शंभर वर्षांनी उलगडा झाला: फितीतला लाल रंग अतिनील किरणही परतवत होता आणि लाल गाळणीतून तेही निसटत होते. सिद्धान्त बरोबर, पुरावा नशिबाने.

ल्यूमिएर बंधूंनी १९०७ मध्ये तीन क्षणांची भानगडच मिटवली. ऑटोक्रोम: बटाट्याच्या पिठुळाचे कण, १०-१५ मायक्रॉनचे, तीन रंगांत रंगवून काचेवर विखुरले, मधल्या फटी कोळशाच्या पुडीने बुजवल्या. प्रत्येक कणामागे स्वतःचा कृष्णधवल ठिपका. एकच काच, एकच क्षण. उजेड मात्र कणांतच अडकायचा, त्यामुळे वेळ पुन्हा सेकंदांवर गेला. १९३५ च्या कोडाक्रोमने थर एकावर एक रचले. तो शोधणारे मॅनेस आणि गोडाउस्की हे पेशाने संगीतकार.

९ मार्च

फोनची रॉ फाइल (उजेडाची कच्ची मोजणी) रंग न जुळवता उघडली आणि इतकी मोठी केली की चौकोन दिसू लागले. एक हिरवा, एक लाल. खालच्या ओळीत एक निळा, एक हिरवा. पुन्हा तेच. ब्राइस बायरने कोडॅकमध्ये १९७५-७६ मध्ये मांडलेली जाळी. हिरवे दुप्पट, कारण डोळा बारकावे हिरव्यावरच जास्त ओळखतो. प्रत्येक चौकोनाला एकच रंग ठाऊक, बाकी दोन शेजाऱ्यांना विचारून अंदाजाने. म्हणजे माझ्या फोटोतली दोनतृतीयांश रंगमाहिती अनुमान आहे. ऑटोक्रोमचं पिठूळ, फक्त ओळीत मांडलेलं.

आणि थांबवणं? १९६९ मध्ये बेल लॅबमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी ही चिप आखली ती स्मृतीचं साधन म्हणून. उजेडाने सिलिकॉनमध्ये सुटे झालेले इलेक्ट्रॉन छोट्या खड्ड्यांत साठतात, आणि मग आग विझवताना बादल्या हातोहात जाव्यात तसे खड्ड्यातून खड्ड्यात काठापर्यंत जातात. काठावर मोजणी. रसायन नाही, धुणं नाही. खड्डे रिकामे केले की पुढच्या फोटोला तयार. स्टीव्हन सॅसनने डिसेंबर १९७५ मध्ये याचा कॅमेरा जोडला: १०० गुणिले १०० ठिपके, वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. माझ्या बहिणीला बसावं लागलं त्याच्या अर्ध्याहून जास्त, पण टिपणं केव्हाच झालेलं असे, वाट फक्त लिहिण्याची.

फोनमध्ये सीसीडी नाही, सीमॉस नावाची दुसरी चिप आहे. ती ओळ ओळ वाचते. टेबलफॅनचा फोटो काढला तर पाती विळ्यासारखी वाकलेली. बघताक्षणी ओळखलं: हीच ती सरकती फट! कापड गेलं, स्प्रिंग गेली, शंभर वर्षं गेली, लार्तिगचं चाक तसंच.

रात्रीच्या फोटोचं तर विचारूच नका. फोन एक फोटो काढतच नाही. बरेच छोटे छोटे काढतो, हात हलला असेल तेवढं सरकवून जुळवतो, बेरीज करतो. प्रोकुदिन-गोर्स्कीची शिवण, फक्त आता शिंपी कुशल आहे. फांदी हलली तर तीन रंगांच्या कडा येत नाहीत, दोनपैकी एक फांदी मुकाट्याने टाकून दिली जाते. मला तीन रंगांच्या कडा जास्त प्रामाणिक वाटतात, पण हे माझं वय बोलत असेल.

१६ मार्च

पट्टी क वर पिवळट डाग. पान शाबूत, पांढरा भाग मळकट. चूक माझी: पाच मिनिटं धुतलं होतं, अर्धा तास तरी हवं होतं, आणि हायपोही एकच ट्रे, तोही वापरलेला. वापरलेल्या हायपोत चांदी अर्धवट विरघळते आणि कागदात दडून बसते. काही महिन्यांत बाहेर येते. आता पुन्हा धुऊन ते जाणार नाही, तरी धुतलं.

२२ मार्च

डबा उतरवला. गंजलाय, पाणी गेलंय, एका कोपऱ्यात कोळ्याचं घर. बाथरूममध्ये मंद दिव्यात उघडला.

चित्र आहे. डेव्हलपर न लावता, नुसत्या उजेडाने. तपकिरी-गुलाबी कागदावर समोरच्या इमारतीची कड, कठडा, आणि वर सूर्याच्या रेघा, रोजची एक, आदल्या दिवसाच्या रेघेपासून किंचित सरकलेली. जिथे ढग होते तिथे रेघ तुटली आहे. ज्या आठवड्यात सलग मळभ होतं तिथे रुंद पट्टा रिकामा. बहिणीला दाखवला तर ती म्हणाली, "१७ जानेवारीची रेघ कुठली?" बोटाने मोजत बसलो. ठरेना.

मग लक्षात आलं की हे चित्र टिकवता येणार नाही. हायपोत टाकलं तर न वापरलेल्या चांदीबरोबर निम्मं चित्रही फिकं होईल. न टाकलं तर उजेडात काळं पडेल. वेजवुड ज्या जागी अडकला होता तिथेच मी, तीन महिन्यांचा कागद हातात धरून.

स्कॅनर गरम करून ठेवला. कागद काचेवर ठेवला, झाकण लावलं, एकदाच स्कॅन केला. दिव्याची पट्टी खालून सरकत गेली तेवढ्या वेळात सुद्धा कागद थोडा काळवंडला असणार. फाइल उलटी करून उजळवली, दोन जागी ठेवली. मूळ कागद काळ्या पाकिटात, वर तारखा. पट्टी अ, ब, क त्याच्याच शेजारी.

उद्याची कामं: सिल्व्हर नायट्रेट थोडं उरलंय, एक पान होईल. हायपोचे दोन ट्रे, दोन्ही ताजे. धुणं अर्धा तास, घड्याळ लावून. खोक्याला भिंग.